माराकाइबोहून आलेला झगा

बहरीनला जाऊन आले म्हटल्यावर लोक पहिल्यांदा सोन्याचं विचारतात. सोनं मी पाहिलं नाही असं नाही. मनामाच्या बाजारात एका संध्याकाळी पाहिलं, पण दुकानाच्या काचेपेक्षा दुकानासमोरच्या बाकाकडे माझं लक्ष जास्त होतं, कारण पाय दुखत होते. या सबंध प्रवासात मी दमलेली होते. निघतानाच दमलेली होते. सासूबाईंचं लांबलेलं आजारपण आणि मग त्यांचं जाणं नुकतंच आटोपलं होतं, सहामाहीचे पेपर तपासून झाले होते, आणि दिवाळीच्या सुट्टीला जोडून रजा काढून मी चिपळूणहून धाकट्या बहिणीच्या शुश्रूषेला निघाले होते. तेव्हा हे वाचून कुणाला बहरीन डोळ्यांपुढे उभं राहिलं नाही, तर तो दोष बहरीनचा नाही.

झिंज

वसू, म्हणजे माझी बहीण, मनामातल्या झिंज भागात राहते. चार मजली इमारती, खाली एखादं कोल्ड स्टोअर, म्हणजे आपलं वाण्याचं दुकान, एक शिंपी, एक धोबी. झाडं कमी आणि गाड्या भरपूर. ऑक्टोबर संपत आला होता तरी विमानातून बाहेर पाऊल टाकलं तेव्हा चुलीपुढे वाकल्यासारखी वाफ अंगावर आली. वसूचे यजमान अनंतराव घ्यायला आले होते. ते सित्रा भागातल्या एका वर्कशॉपमध्ये सुपरवायझर आहेत. मूळचे गुहागरचे. बोलणं मोजकं, आणि त्यातही निम्मं हिंदी आणि इंग्रजी. गाडी सुरू करताना 'यल्ला', म्हणजे चला, एवढंच म्हणाले. मी खिडकीतून खारट, सपाट जमीन बघत बसले.

वसूला छातीत गाठ निघाली होती. उन्हाळ्यात ऑपरेशन होऊन डावा स्तन काढला होता. हे सगळं मला फोनवर तुटक तुटक कळलेलं. माझ्या मनात पलंगावर पडलेली, खोल गेलेल्या डोळ्यांची वसू होती. दार उघडलं तर समोर इस्त्रीची साडी नेसलेली, पावडर लावलेली, कमरेखाली जाणारी वेणी खांद्यावरून पुढे घेतलेली वसू उभी. वेणी डाव्या बाजूने पुढे घेतली होती, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

"ताई, किती वाळलीस गं," ती म्हणाली. आजारी तीच होती.

वसू आमच्या घरातली गोरी. मी काळी. हे आमच्या घरात भांडण न होता, जेवणातल्या मिठासारखं रोज बोललं जायचं. मला दाखवायचे कार्यक्रम पुष्कळ झाले. वसूचा एकच झाला आणि मंडळी चहा संपायच्या आत होकार देऊन उठली. काळी म्हणून ज्यांनी मला नाकारलं त्यांची मला आता नावंही आठवत नाहीत. पण वसूला ज्यांनी नावाजलं ती माणसं तिला अजून सोडत नव्हती, हे मला तिथे गेल्यावर समजलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अनंतराव कामावर निघताना स्वयंपाकघरात आले. वसू आंघोळीला गेली होती.

"ताई, डॉक्टर म्हणतात पुढची ट्रीटमेंट लगेच सुरू करा. उशीर झाला तर गॅरंटी नाही. हिने दोनदा तारीख पुढे ढकलली."

"का?"

"औषधाने केस जातात." त्यांनी डबा उचलला, परत ठेवला. "माझ्याशी या विषयावर बोलतच नाही. माझ्यासमोर कपडे बदलत नाही. मी काही म्हणालेलो नाही तिला, ताई. खरंच काही म्हणालेलो नाही."

मी त्या दिवशी वसूच्या डाव्या हाताला तेल चोळता चोळता विषय काढला. ऑपरेशननंतर तो हात खांद्यापासून आखडला होता, व्यायाम ती टाळत होती.

"एक गेलं," ती म्हणाली. "आता केसही द्यायचे? मग माझ्यात माझं म्हणून काय राहिलं?"

"तू राहशील की."

"तुला नाही कळायचं, ताई," असं ती म्हणाली आणि लगेच माझ्या हातावर हात ठेवला. मला वाईट वाटलं नाही. खरोखरच मला कळत नव्हतं, आणि समजावायची ताकदही नव्हती. मी तेल चोळत राहिले.

दुपारची मालिका

बहरीनमध्ये दुपारी सगळं बंद होतं. दुकानांची शटरं खाली येतात, रस्त्यावर मांजरंसुद्धा दिसत नाहीत. आमच्याकडे चिपळूणला दुपारी बाजार पेंगतो, पण इथला बाजार अक्षरशः दार लावून निजतो. त्या वेळी वसू टीव्ही लावायची. मेक्सिकोची मालिका, बोलणं अरबीत. त्या वर्षांत ही मालिका सगळ्या इमारतीत लागायची. जिन्यात उभं राहिलं तरी वरून खालून तेच हुंदके ऐकू यायचे.

वसूची मुलगी मीरा शाळेतून येऊन आमच्यामध्ये बसायची आणि अर्थ सांगायची. शाळेत तिला अरबी आहे. मराठी तिला सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीतून देते. तिने सांगितलं की ही बोलीभाषा नाही, बातम्यांतली शुद्ध अरबी आहे. म्हणजे आपल्याकडे नणंद-भावजयीने अगदी व्याकरणशुद्ध, पुस्तकी मराठीत भांडावं तसं. ते समजल्यावर मला मालिका आवडायला लागली.

नायिका गरीब होती, तरी तिच्या पापण्यांचं काजळ कधी फिसकटत नव्हतं. तिला पोलिसांनी नेलं, तिचं मूल चोरीला गेलं, तिची दृष्टी गेली. केस मात्र सोनेरी लाटांसारखे जागच्या जागी. घरातल्या मोलकरणी सावळ्या, ठेंगण्या, जाड वेण्यांच्या, आणि त्यांना वाक्यं फार नसायची. त्यांच्याकडे बघून मला आमच्या शाळेतल्या झाडलोट करणाऱ्या बायका आठवायच्या.

"मावशी, शी इज सो प्रेटी, नो?" मीरा म्हणायची. ती पंधराची होणार होती. आईसारखी गोरी नाही, माझ्यावर गेली आहे. न्हाणीघरात गोरं करणाऱ्या मलमाच्या ट्यूब होत्या, त्या कुणाच्या हे मी विचारलं नाही.

पाडव्याला मी श्रीखंड करायचं ठरवलं. खालच्या कोल्ड स्टोअरमधून चक्का म्हणून जे आणलं ते लबने निघालं, म्हणजे इथलं घट्ट दही, खारवलेलं. अर्धा किलो साखर घातल्यावर मी चाखून पाहिलं. अनंतराव मुकाट्याने एक वाटी खाऊन "चांगलं आहे" म्हणाले. मीराने थुंकून टाकलं. वसू हसली, आणि हसताना डावा हात छातीशी धरला. मी आल्यापासून तिचं ते पहिलं हसणं.

त्याच संध्याकाळी मीराने विषय काढला. तिच्या वर्गातली मैत्रीण नूरा बुदैयाला राहते. वडील बहरीनी, आई व्हेनेझुएलाची. तिथल्या रिवाजाप्रमाणे मुलीचा पंधरावा वाढदिवस लग्नासारखा मोठा करतात. त्यासाठी नूराच्या आजीने माराकाइबो या गावाहून झगा पाठवला होता आणि तो नूराला होत नव्हता. मनामातल्या शिंप्यांनी हात लावायला नकार दिला होता.

"आय टोल्ड देम माय मॉम कॅन डू एनिथिंग विथ अ नीडल," मीरा म्हणाली.

ते खरं होतं. आजारापूर्वी अर्ध्या झिंजच्या बायकांचे ब्लाउज वसू शिवत असे. वसूने आपली बोटं उघडमीट करून पाहिली. मग म्हणाली, "कापड कसलं आहे?"

बुदैया

शुक्रवारी सुट्टी असते, म्हणून शुक्रवारी गेलो. बुदैयाच्या रस्त्याला खजुराच्या बागा लागतात, मध्येच जुनी खेडी, मध्येच नवे उंच भिंतींचे बंगले. त्या दिवसांत त्या खेड्यांमध्ये सरकारविरोधी निदर्शनांची गडबड चालू असायची आणि नाक्यावर पोलिसांच्या जीपा उभ्या असायच्या. अनंतराव रेडिओ बंद करून हळू गाडी चालवत होते. वसू मागे बसली होती, डोक्यावरून पदर, मांडीवर शिवणाचा डबा.

नूराच्या आईचं नाव मारित्सा. दार उघडल्याबरोबर तिने आम्हा दोघींचे गाल गालांना लावले. मी गडबडले, कारण आमच्याकडे पहिल्या भेटीत फार तर हात जोडतात. चाळिशीची असेल. उंच, ताठ मानेची, नाक इतकं रेखीव की घडवलेलं वाटावं. अंगात पायघोळ, सैल झगा, इथल्या बायका घरात घालतात तसा. तिने मक्याच्या पिठाच्या जाड भाकऱ्या केल्या होत्या, मध्ये चिरून आत चीज आणि काळा घेवडा भरलेला. भाकरीला पोट फाडून सारण भरणं मला विचित्र वाटलं, पण चव आपलीशी होती. मी दोन खाल्ल्या. वसूने अर्धी.

ती इंग्रजी बोलत होती, मधूनच अरबी, आणि चिडली की स्पॅनिश. माराकाइबोही तेलाचं गाव, म्हणाली, असंच दमट, असंच तापलेलं, म्हणून इथे आली तेव्हा तिला परकं वाटलं नाही.

झगा आतल्या खोलीत टांगला होता. गुलाबी सॅटीन, घेरावर थरांवर थर, आणि वरची चोळी इतकी अरुंद की मला ती लहान मुलीची वाटली. नूरा स्टुलावर उभी राहिली, तो चढवला, आणि पाठीमागे वीतभर फट राहिली. पोरगी धड श्वास घेऊ शकत नव्हती.

"माझ्या आईला माप माहीत होतं," मारित्सा म्हणाली. "मीच फोनवर दिलं होतं. तिने मुद्दाम लहान पाठवला. म्हणाली, मुलगी झग्यात बसेल, झगा मुलीवर बसवायचा नाही."

"आणि तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं.

"मी? मी हो म्हणाले." ती हसली. "तिला मी आजवर दुसरं काही म्हणालेली नाही."

वसूने चष्मा लावला आणि उसवायला बसली. तिला असं कामाला लागलेलं पाहून मला बरं वाटलं. बाजूच्या शिवणी उसवून जुळत्या सॅटीनची पट्टी घालायची असं तिने ठरवलं. मध्ये मारित्सा बोलत राहिली. तिच्या आईचं माराकाइबोत केशभूषेचं दुकान होतं. तिथे मुलगी जन्मली की बायका पाळण्यात वाकून आधी नाक बघतात, असं ती म्हणाली. आठव्या वर्षी तिला चालायच्या वर्गाला घातलं, डोक्यावर पुस्तक ठेवून. सतराव्या वर्षी ऑपरेशन करून नाक नीट करून घेतलं. मग सौंदर्यस्पर्धा. देशभर लोक ती टीव्हीवर बघतात, गल्ल्यांमध्ये खुर्च्या मांडून, आपल्याकडे क्रिकेट बघतात तशी.

"वी वॉच अ मेक्सिकन सीरियल," मीरा म्हणाली. "ऑल द गर्ल्स आर ब्लाँड."

"हो," मारित्सा म्हणाली, "आमच्याकडच्या मालिकांत गोऱ्या बायका रडतात आणि काळ्या बायका फरशी पुसतात. माझी आजी काळी होती. तिचा फोटो दुकानात लावलेला नव्हता."

आमच्याही घरात भिंतीवर कुणाचे फोटो लावायचे हे आईच ठरवायची.

पट्टी टाचून झाल्यावर झगा पुन्हा नूराला चढवला आणि वसू खांद्याची टाचणी लावायला उठली. स्टुलावरच्या नूराच्या खांद्यापर्यंत डावा हात न्यायचा होता. तो अर्ध्यावर जाऊन थांबला. तिने पुन्हा उचलला. ओठ घट्ट मिटले. टाचणी खाली पडली.

मारित्सा तिच्याकडे बघत होती. मग तिने नूराला स्पॅनिशमध्ये काहीतरी सांगितलं. नूरा खाली उतरली, झगा काढून तिने आपले कपडे चढवले आणि मीराला घेऊन बाहेर गेली. मारित्साने दार लोटलं.

"कधी झालं?" तिने विचारलं.

वसू माझ्याकडे बघायला लागली. मी काही सांगितलेलं नव्हतं, मीरानेही नव्हतं. मग वसूने सरळ सांगून टाकलं. ऑपरेशन, पुढची औषधं, केस, सगळं. मला वाटलं होतं ती रडेल. ती रडली नाही, बाजारभाव सांगावा तसं सांगितलं.

मारित्साने ऐकून घेतलं. मग उभी राहिली आणि तिने तो सैल झगा दोन्ही हातांनी गळ्यापर्यंत वर उचलला.

तिची छाती सपाट होती. दोन्हीकडे आडवे व्रण, एक सरळ, एक वाकडा, कातडी मध्ये ओढलेली. मी डोळे खाली घातले. वसूने नाही घातले. ती पुढे सरकली.

"तुम्हालाही कॅन्सर?"

"नाही. मी धडधाकट होते." मारित्साने झगा खाली सोडला. "त्या स्पर्धेत तिसरी आले होते मी, आमच्या प्रांतात. आई म्हणाली, तिसरी का आलीस ते मला माहीत आहे. म्हणून विसाव्या वर्षी सिलिकॉन बसवून घेतलं. मग ते दगडासारखं झालं, आत फुटलं. इथे आल्यावर वर्षानुवर्षं ताप, गाठी. शेवटी सगळं काढलं. तुझा आजाराने नेला. माझे मी देऊन टाकले."

बाहेर मुलींचा आवाज येत होता.

"दुखतं?" वसूने विचारलं.

"हवा बदलली की ओढतं."

"आणि... नूराचे वडील?"

"यूसुफ पहिल्या दिवशी रडला. दुसऱ्या दिवशी म्हणाला, जेवायला काय आहे?"

वसूच्या तोंडून हसू फुटलं आणि त्याच हसण्याचं रडणं झालं. मारित्सा तिच्या शेजारी जमिनीवर बसली. तिने वसूला ट्रीटमेंट घे म्हणून सांगितलं नाही. धीर धर असंही म्हणाली नाही. ती म्हणाली, "माझ्या आईला अजून माहीत नाही. फोटो पाठवते तेव्हा मी आत कापूस भरते. आणि आता ती नूराचं नाक कसं आहे विचारते." मग तिने तो गुलाबी सॅटीनचा झगा मांडीवर ओढला. "या वेळी मी उसवणार आहे. कुठून उसवायचं ते दाखव."

दोघी संध्याकाळपर्यंत उसवत, शिवत बसल्या. मी खिडकीशी बसून खजुरांवरचं ऊन बघत होते.

पंधरावा वाढदिवस

समारंभ घरातच झाला, बायकांचा आत, पुरुषांचा अंगणात. नूराच्या अरब आत्या, आजी, शेजारणी काळे अबाये, म्हणजे अंगभर पायघोळ झगे, उतरवून आत आल्या तर आतून झगमगते कपडे. तेही मला नवीन होतं: घराबाहेर काळं आणि घरात मोर. मोठ्या परातींमध्ये भात आणि मासे, भाताला सुक्या लिंबाचा वास, वर तळलेला कांदा. आपली आंबटगोड आमटी नाही म्हणून मी आधी कुरकुरले आणि मग हात आवरेना.

रिवाज असा की वडील मुलीच्या पायांतल्या सपाट चपला काढून तिला उंच टाचांचे बूट घालतात आणि तिच्याबरोबर नाचतात. यूसुफ आत आला तेव्हा अरब बायकांनी डोक्यावरून ओढण्या घेतल्या. तो जाडगेला, लाजाळू माणूस. गुडघ्यावर बसून त्याला बुटाचा पट्टा लावता येईना. नूरा खाली वाकली आणि तिनेच लावून घेतला. झग्यात ती नीट वाकू शकत होती. वसूने हे पाहिलं आणि मला कोपर मारलं.

त्यानंतर काही दिवसांनी, भाजी चिरताना, वसू म्हणाली, "मारित्साला विचारशील का, माझे केस कापेल का? औषधाने झडण्याआधी. न्हाणीघरात पुंजके गोळा करायचे नाहीत मला."

पुन्हा बुदैयाला गेलो. अनंतराव गाडीतच थांबणार होते. वसू पायरीपर्यंत गेली, वळली आणि म्हणाली, "आत या ना."

ते दाराशी उभे राहिले. मारित्साने वेणी वरून आणि खालून दोऱ्याने बांधली आणि कात्री चालवली. जाड केसांना पहिल्या झटक्यात कात्री लागेना, त्यामुळे आवाज बराच वेळ येत राहिला. मग तिने बाकीचे बारीक कापले, मुलासारखे. वसूने आरसा मागितला नाही. तिने अनंतरावांकडे बघितलं.

त्यांनी घसा खाकरला. "मान लांब आहे तुझी," ते म्हणाले. "कधी दिसली नव्हती."

दुसऱ्या दिवसापासून तिच्या हाताला तेल चोळायचं काम माझ्याकडे राहिलं नाही. ते अनंतरावांनी घेतलं, आणि त्या वेळी त्यांच्या खोलीत कुणी जायचं नसे.

पहिल्या औषधाला मी तिच्याबरोबर होते. ते वाईट असतं, एवढंच लिहिते. घरी आल्यावर ती न्हाणीघराच्या फरशीवर बसून राहिली. मीरा कपाळ धरून होती आणि चक्क मराठीत "आई, झालं, झालं" म्हणत होती. इथे हेही सांगते, कारण वाचणाऱ्याला ते हवं असतं: औषधं पुरी झाली. केस परत आले, पूर्वीसारखे नाहीत, कुरळे आणि निम्मे पांढरे. तिने ते वाढवले नाहीत. डॉक्टर दर सहा महिन्यांनी बोलावतात आणि ती जाते. पुढचं कुणालाच माहीत नाही. न्हाणीघरातल्या त्या गोरं करणाऱ्या मलमाच्या ट्यूब मी निघेपर्यंत तिथेच होत्या.

निरोप

निघायच्या आदल्या दिवशी मी मारित्साचा निरोप घ्यायला गेले. अनंतरावांनी सोडलं आणि ते कामाला गेले. ती घरीच ओळखीच्या बायकांचे केस वगैरे करते. खोलीत मोठा आरसा, एक मागे कलणारी खुर्ची.

"बस," ती म्हणाली. "तू एवढे दिवस सगळ्यांचं केलंस. आज माझ्याकडून."

मी आयुष्यात ब्यूटी पार्लरची पायरी चढलेली नाही. तसं सांगितलं. तिने माझी हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला आणि जुन्या सवयीने निरखलं. मला दाखवायच्या कार्यक्रमातल्या बायका आठवल्या आणि माझे खांदे आपोआप ताठ झाले.

"माझ्या आईने काय काय सांगितलं असतं," ती म्हणाली. "नाक, हनुवटी, रंग. दिवसभर पुरेल एवढं."

"आणि तू?"

ती उत्तर न देता खुर्ची मागे कलती करून कोमट पाण्याने माझे केस धुवायला लागली. तिची बोटं मजबूत होती. पाणी कानामागून वाहत होतं. सासूबाईंच्या खोलीतला औषधांचा वास, पेपरांचे गठ्ठे, वसूचं वर न जाणारं ते कोपर, एकेक करून सगळं दूर गेलं. मला वाटतं मी तिला काहीतरी सांगत होते आणि वाक्य अर्ध्यावर राहिलं.

जाग आली तेव्हा खिडकीतलं ऊन भिंतीवर चढलं होतं. अंगावर चादर होती, केसांना टॉवेल गुंडाळलेला. मारित्सा समोर स्टुलावर बसून मटार सोलत होती.

मी दचकून आरशात बघितलं. तोच चेहरा होता, गालावर टॉवेलची घडी उमटलेला.

"काय केलंस?" मी विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली. "तू झोपली होतीस. म्हटलं, झोपू दे."